हातातली सायकल

मला सर्वांत जास्त कुणी घडवलं असेल, तर आमच्या डोंगरावरच्या वनरक्षक चाचांनी. आईवडिलांनी वाढवलं, गुरुजींनी शिकवलं, ते मी विसरलेलो नाही. पण आमचं घर आणि हायस्कूल यांच्या मधे एक डोंगर होता आणि त्या डोंगरातून कोण जाणार हे चाचा ठरवायचे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आज जालन्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. चाचांनी त्या सकाळी मला परत पाठवलं असतं, तर आठवीचा वर्ग मी बाहेरूनही पाहिला नसता.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल डोंगरापलीकडच्या गावात. गाडीरस्त्यानं जायचं तर डोंगराला अख्खा वळसा. डोंगरातून जायचं तर पायवाट आहे, सलई-धावड्याच्या रानातून. गावापासून डोंगरापर्यंत सपाट माळ आणि पलीकडं उतरल्यावर शाळेपर्यंत पुन्हा सपाट माळ, म्हणून सायकल लागतेच. पण मधलं रान राखीव. तोंडाशी फाटकाची लोखंडी कमान आणि कमानीला पाटी: वाहनांना प्रवेश बंद.

आठवीच्या पहिल्या दिवशी मी वडिलांची सायकल घेऊन कमानीतून सरळ आत शिरलो. चाचा एका दगडावर बसून विडी पीत होते. खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी, हातात धावड्याची काठी.

"कहाँ निघाले नवाब?"

"शाळेत."

"पाटी वाचली का?"

"वाचली."

"काय लिवलंय?"

"वाहनांना प्रवेश बंद."

"मंग ही काय बकरी हाय?"

मी रडकुंडीला आलो. म्हणालो, "सायकल हाय, चाचा."

"सायकल बी वाहनच. उतर जल्दी."

मी उतरलो. चाचांनी विडी विझवली, खाली वाकले आणि मागच्या चाकाच्या नळीचं तोंड सोडलं. फुस्सकन सगळी हवा गेली. मग चाक दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि विचारलं, "आता चालती का ही?"

"न्हाई."

"बराबर. चालत न्हाई, मंग वाहन न्हाई. सामान झालं. सामान हातात धरून न्यायला सरकारची बंदी न्हाई. पलीकडच्या चौकीत पंप हाय. तिथं हवा भर, मंग बस. आन् रानात बसलेला दिसला तर उद्या दोन्ही चाकं."

दुसऱ्या दिवसापासून मी कमानीपाशी आपण होऊन उतरायला लागलो आणि चाचांनी पुन्हा कधी हवा सोडली नाही. पाच वर्षं, बारावी होईपर्यंत, मी त्या रानातून सायकल हातात धरून गेलो.

यात चाचांनी नवीन काही काढलं होतं असं नाही. डोंगराच्या माथ्यावर देवीचं ठाणं आहे. तिला आम्ही नुसतं आई म्हणतो. कमान आहे तिथूनच तिची हद्द सुरू होते आणि जुनी माणसं त्या हद्दीत घोड्यावरून उतरायची, बैलगाडीतून उतरायची. नवरदेवसुद्धा उतरायचा. चाचांना ही रीत ठाऊक होती आणि ती त्यांना सोयीची वाटली होती. आमच्या म्हाताऱ्यांना ते म्हणायचे, "तुमच्या आईची हद्द आन् माझ्या सरकारची हद्द एकच. दोघांच्या पाया एकदाच पडा." स्वतः पाचवेळचे नमाजी, पण देवीच्या हद्दीत कुणी सायकलवर बसलेलं दिसलं की गावातल्या कुठल्याही पुजाऱ्यापेक्षा जास्त भडकायचे.

आता ज्यांच्यामुळे हे लिहायला बसलो त्यांच्याबद्दल.

जालन्यात एक सायकल मंडळ आहे. नाव देत नाही, द्यावं इतकं मोठंही नाही. त्याचे म्होरके एक दातांचे डॉक्टर. आमच्या प्राचार्यांना वाटलं, कॉलेजातला एक तरी माणूस अशा उपक्रमात असावा. म्हणून मी गेलो. माझ्याकडं साधी सायकल, मडगार्ड असलेली, मागं कॅरियर असलेली. पहिल्या रविवारी डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं आणि जशी पेशंटच्या किडलेल्या दाढेची चौकशी करतात तशी विचारपूस केली. "सर, ही किती जुनी? काढून टाकायचा विचार नाही केला?"

मंडळाचा व्यायाम पुढीलप्रमाणे चालतो. सकाळी सगळे घट्ट चड्ड्या घालून जमतात. पाठीवर 'निसर्ग वाचवा' छापलेलं असतं. सायकली मोटारीच्या टपावर बांधतात. मोटारी हायवेवरच्या घाटमाथ्यापर्यंत जातात. तिथं सायकली उतरवतात, त्यांच्याबरोबर फोटो काढतात, उतारावरून खाली येतात आणि खाली आधीच आणून ठेवलेल्या मोटारीत सायकली पुन्हा बांधतात. मग ढाब्यावर पोहे, नंतर मिसळ, नंतर जिलबी. घाम म्हणाल तर तो ड्रायव्हरला येतो. वाटेत चांदीच्या कागदातलं काहीतरी चिकट चोखतात आणि कागद निसर्गात टाकतात, निसर्ग वाचवा लिहिलेल्या पाठीमागून.

त्यांच्या सायकलींना घंटी नसते. मडगार्ड नसतं, कॅरियर नसतं, स्टँड नसतो. म्हणजे त्या सायकलीवर दुसऱ्याला बसवता येत नाही, काही नेता येत नाही, कुणाला आपण आलो ते सांगता येत नाही, आणि उतरलं की ती उभीही राहत नाही. कुणाच्या तरी भिंतीला, झाडाला किंवा मोटारीला टेकवावी लागते. असल्या वस्तूबद्दल ते तासन्‌तास बोलू शकतात. मी ऐकलं आहे.

हायवेचा कंटाळा आल्यावर मंडळाला आमच्या डोंगराचा शोध लागला. डॉक्टरांनी मोबाइलवर नकाशा दाखवला. आमची शाळेची वाट, लाल रेघेनं काढलेली.

"सर, तुम्ही त्या बाजूचे ना? काय ट्रेल आहे हो! अनटच्ड!"

"त्या वाटेनं मी पाच वर्षं शाळेत गेलोय."

"सायकलवर?"

"सायकल घेऊन."

"तेच तेच." डॉक्टर खूश झाले. त्यांना दोन्हींत फरक वाटला नाही. फरक वाटायला माणसाला कधीतरी सायकलवरून खाली उतरावं लागतं.

त्यांनी वनखात्याकडं अर्ज केला होता: ही वाट सायकलस्वारीसाठी खुली करावी. अर्जाला जोड म्हणून गावच्या माणसाचं एक निवेदन हवं होतं. ते त्यांनी माझ्या नावानं टाइप करूनही आणलं होतं. 'या वाटेवर पूर्वापार सायकलस्वारी होत आलेली आहे.' खाली माझ्या सहीसाठी जागा.

"खोटं तर काही नाही ना, सर?" डॉक्टर म्हणाले. "तुमच्या गावाचाच विकास आहे. टूरिझम येईल. लोक चहा विकतील."

आमच्या गावाचा विकास म्हणजे आम्ही चहा विकणार आणि हे पिणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर अगदी स्वच्छ होतं. मी सही केली नाही. म्हणालो, वनखात्याची पाहणी होईल तेव्हा येतो, काय सांगायचं ते साहेबांना समक्ष सांगतो. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. त्यांना वाटलं, मी भाषण करणार.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी गावी गेलो. माझ्या थोरल्या भावाची मुलगी दहावीत आहे, त्याच हायस्कूलात, त्याच वाटेनं जाते. तिच्यासारखी गावातली आणखी पोरं आहेत. तिला सांगितलं की उद्या वनक्षेत्रपाल मॅडम येणार आहेत, सायकलींचं काय करायचं ते बघायला.

"आमच्या सायकलींचं काय करायचं हाय त्यांना?"

"तुमच्या न्हाई. शहरातल्यांच्या."

"मंग शहरात बघावं की."

मॅडमना सकाळी कमानीपाशी भेटलो तेव्हा कळलं की गोष्ट माझ्या पुतणीला वाटली तेवढी सोपी नाही. मॅडम तरुण होत्या, कामसू होत्या, आणि त्यांचं बोलणं सरळ होतं. त्या म्हणाल्या, "सर, आजवर या वाटेकडे खात्याचं कुणी लक्ष दिलं नव्हतं. आता अर्ज आलाय म्हणजे उत्तर द्यावं लागणार. सायकल हे वाहन धरलं तर पूर्ण बंद करावं लागेल. परवानगी दिली तर पास, नोंद आणि फाटक सकाळी दहानंतर."

"शाळा सातला भरते, मॅडम."

"मला कळतंय. पण तिसरी सोय माझ्याकडे कागदावर नाही."

म्हणजे डॉक्टर जिंकले तरी पोरांची वाट बंद आणि हरले तरी बंद. आजवर ती उघडी राहिली होती ती कुणी विचारलं नाही म्हणून. आणि विचारायची बुद्धी झाली ती ज्यांना त्या वाटेनं कुठंही पोचायचं नव्हतं अशा माणसांना.

मंडळ माथ्यावर जमलं होतं. ठरलं असं की ते पलीकडच्या उतारावरून खाली येऊन दाखवतील आणि मॅडम मधल्या वळणावर उभ्या राहून बघतील. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. माती मऊ होती, गवत कमरेइतकं. मॅडम आणि मी वळणावर थांबलो. शनिवार होता, शाळा लवकर सुटली होती. खालून पोरं चढून येताना दिसली, एकामागं एक, सायकली हातात. पुढं माझी पुतणी.

तेवढ्यात वरून डॉक्टर आले. घंटी नसल्यामुळे ते आधी दिसले आणि नंतर ओरडले. "साइड! साइड!"

पुतणी वाटेच्या मधोमध उभी राहिली. सायकल आडवी केली. म्हणाली, "उतरा खाली!"

डॉक्टरांनी ब्रेक दाबला. मागचं चाक वाटेवरून सरकत गेलं, मातीचा एक लांब पट्टा उचकटत, आणि डॉक्टर घाणेरीच्या झुडपात गेले. सायकल त्यांच्यावर. मागचे दोघे कसेबसे थांबले आणि टेकवायला झाड शोधू लागले.

"उतरा म्हणलं की उतरायचं. पडायचं कशाला?" पुतणी म्हणाली.

मागची पोरं फिदीफिदी हसली. डॉक्टर घाणेरीतून बाहेर आले. हेल्मेटमध्ये काटक्या. "तुला कळतं का काही? उतारावर सायकलवाल्याला थांबता येत नाही. तू बाजूला व्हायचं!"

"ही शाळेची वाट हाय, दादा. अन् हद्द आईची हाय. आम्ही उतरतो, तुम्ही का न्हाई?"

"आम्ही ओरडलो ना साइड म्हणून?"

"घंटी न्हाई का?"

"या सायकलला बेल नसते."

"अन् स्टँड?"

"नसतो!"

"अगं बाई! मंग अर्धीच आणली काय?"

मॅडमनी तोंड फिरवलं. हसत असाव्यात. मग त्यांनी पुतणीला विचारलं, "तू या वाटेत कधी सायकलवर बसतेस का?"

"न्हाई मॅडम. बसलं की आई पाडते." तिनं डॉक्टरांकडं हात केला. "हे बघा, पाडलं."

डॉक्टर मला म्हणाले, "सर, सांगा ना यांना. तुम्ही स्वतः इथून सायकलवर जात होतात."

मी मॅडमना म्हणालो, जमीन बघा. वळणाच्या अलीकडं वाट सरळ आहे आणि नीट दिसते. मधे पायांचा पट्टा, वीतभर रुंद, घट्ट झालेला. त्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक बारीक रेघ, बोटाएवढी. सायकल हातात धरून चालणारा माणूस तिच्या डाव्या अंगाला असतो, म्हणून चाक त्याच्या उजवीकडून जातं. शाळेत जाताना या बाजूनं, घरी येताना त्या बाजूनं. वर्षानुवर्षं माणसं मधून आणि चाकं कडेनं गेली. बसून गेली असती तर चाक मधल्या पट्ट्यावर आलं असतं. आणि आज ते आलंच होतं. डॉक्टरांच्या मागच्या चाकानं मधला पट्टा एकाच खेपेत खणून काढला होता. त्यात मूठभर खडी वर आली होती.

मॅडम खाली बसल्या. दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं, मग त्या खळग्यावर. पुतणीला म्हणाल्या, "चालून दाखव." ती चालली. चाक रेघेतून गेलं, जसं तिथंच जाण्यासाठी केलेलं असावं.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हा इरोजन नाही. हे नॅचरल आहे. आणि सस्टेनेबल सायकलिंगवर परदेशात केवढं—"

"डॉक्टर, तुम्हाला खरचटलंय," मॅडम म्हणाल्या. "आधी ते बघा."

उतरताना त्या माझ्याशी बोलल्या. त्यांना पटलं होतं. बसायला बंदी, हातात धरून न्यायला मुभा, असं त्या लिहायला तयार होत्या. मात्र लोक असं करत आले आहेत, एवढ्यावर फाइल पुढं जात नाही. खात्याच्याच माणसाचं म्हणणं हवं. त्या काळी इथल्या वनरक्षकानं काय नियम ठेवला होता, ते त्याच्या शब्दांत. तोवर कमान उघडी राहील, पण फार दिवस नाही.

"असे कुणी आहेत?"

"आहेत," मी म्हणालो.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर डॉक्टरांनी लिहिलं की काही लोकांना प्रगती नको असते, त्यांची मानसिकता गावातच राहते. खाली सगळ्यांनी अंगठे टाकले. त्यानंतर मला ग्रुपमधून काढलं. गावात राहिलेल्या मानसिकतेला यापेक्षा मोठा सन्मान त्यांना देता आला नसता. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ते पुन्हा हायवेवर गेले असं ऐकलं. पोहे तिथं चांगले मिळतात.

चाचा आता बदनापूरला मुलाकडं राहतात. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. "आवाज न्हाई येऊन राह्यला!" एवढंच ओरडून फोन ठेवतात. नोकरीभर मराठीत रिपोर्ट लिहिल्यामुळे मराठी मात्र नीट वाचतात. म्हणून पत्र पाठवलं. ते असं:

आदरणीय चाचा,

सलाम. तब्येत बरी असेल. मी कमानीपाशी बकरी घेऊन आलेला पोरगा. ओळखलंच असेल.

आपली वाट अडचणीत आहे. जालन्याच्या काही लोकांना तिच्यावर सायकल पळवायची आहे. त्यांच्या अर्जामुळे खात्याला आता ठरवावं लागणार आहे, आणि ठरवलं तर शाळेची पोरं अडकतात. त्यांत माझी पुतणीही आहे. तिनं परवा एका डॉक्टरला उतरवलं. तुमच्या पद्धतीनं नाही, पण उतरवलं.

मॅडम चांगल्या आहेत. त्यांना तुमच्या हातचं दोन ओळींचं लिखाण हवं आहे. तुमच्या काळात सायकलवर बसून रानात जायला बंदी होती आणि हातात धरून न्यायला तुम्ही सोडत होता, एवढंच. माझं नाव, माझी पदवी, काही घालू नका. हवा सोडायचात ते लिहायचं की नाही, तुम्ही ठरवा.

तुम्हाला भीती वाटेल की बंदी असताना सोडलं म्हणून आता काही निघेल. मी मॅडमना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, पाटीवर वाहन लिहिलं होतं आणि त्यांनी वाहन सोडलंच नाही. तरी तुमचं मन घेत नसेल तर लिहू नका. मी जे झालो ते तुम्ही त्या सकाळी मला परत पाठवलं नाही म्हणून झालो. त्याच्या बदल्यात तुमच्याकडून काही मागायचा मला हक्क नाही, आणि मी हे माझ्यासाठी मागतही नाही.

रविवारी पॅसेंजरनं बदनापूरला येतो. कागद-पेन घेऊन येईन. तुम्ही नाही म्हणालात तर चहा पिऊन परत जाईन आणि तुमच्यावर राग धरणार नाही. पण मॅडमना सोमवारी उत्तर द्यायचं आहे. त्या सकाळी पोरं कमानीपाशी उतरतील, सायकली हातात घेतील आणि फाटकाकडं बघतील. आता तिथं दगडावर कुणी बसलेलं नसतं, चाचा. त्यांना आत सोडायचं की नाही, ते अजूनही तुम्हीच सांगायचं आहे.

तुमचा,
पलीकडच्या शाळेत गेलेला